मुठीतली नळी

“म्याडम, एक काय ते सांगा. ठेवायचा का न्यायचा?”

यल्लाप्पा वाजंत्री अतिदक्षता विभागाच्या दारात माझी वाट अडवून उभा होता. अंगात बँडमास्तरचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. कुठल्याशा लग्नाची वरात वाजवून तसाच एस्टीत बसला होता आणि तसाच इस्पितळात आला होता. एरवी त्या कोटातला माणूस दिसला की कुणालाही हसू फुटलं असतं. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना.

“नाडगौडा सर बोलतील तुमच्याशी,” मी म्हटलं.

“सर इंग्रजीत बोलत्यात आन् मराठीत खोकत्यात. तुमी सांगा. वेळेत न्यायला पायजे. उशीर झाला की काय होतं, ते मला ठावं हाय.”

‘न्यायचा’ म्हणजे काय, हे त्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. माणूस वाचत नाही असं ठरलं की घरचे जीप आणत. छातीत हवा ढकलणारं यंत्र सोडवायचं, नळीला रबरी फुगा लावायचा, कुणीतरी तो फुगा दाबत दाबत गावापर्यंत जायचं. घरात आडवं करायचं, सगळ्यांनी तोंडात पाणी घालायचं, आणि मग फुगा थांबवायचा. आपल्या माणसांत, आपल्या छपराखाली जावं एवढंच त्यामागं असे. मी नाशिकहून मिरजेला शिकायला आलेली, मला आधी हे फार क्रूर वाटायचं. वर्षभरात वाटेनासं झालं. परक्या भिंतीकडे बघत गेलेलेही मी तोवर बरेच पाहिले होते.

आतल्या कोपऱ्यातल्या खाटेवर त्याचा धाकटा भाऊ होता, सिद्राम. बँडमधला क्लॅरिनेटवाला. शेकडो लग्नं वाजवलेली, स्वतःचं तेवढं राहिलेलं. वरातीत नाचणाऱ्या कुणाच्या तरी बुटाखाली पाय आला, जखम झाली, त्यावर हळद दाबून पठ्ठ्या पुढची लग्नं वाजवत राहिला. पाय सुजला, ताप चढला, आणि आमच्याकडे आणला तेव्हा विष रक्तात पसरलेलं होतं. पाठोपाठ फुप्फुसं गेली. ज्या छातीच्या जोरावर तो चार गल्ल्या हलवायचा, त्या छातीत पाणी भरलं होतं आणि यंत्रावाचून तिला एक श्वासही घेता येत नव्हता.

आणि बाहेरच्या बाकावर त्यांची आई बसलेली असे. लगमव्वा. जतकडच्या त्या मुलखात कानडीचं वारं जोरात, त्यामुळे दोघेही तिला अव्वा म्हणायचे. बारकी, काळीसावळी, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण. दिवसभर भिंतीला टेकून मिसरी लावत बसायची. कुणी काही विचारलं तर “व्हय बाबा” किंवा “न्हाई बाबा”, यापलीकडे बोलायची नाही. आम्ही सगळ्यांनी तिला मनातल्या मनात भोळी ठरवून टाकलं होतं.

आता नाडगौडा सरांबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या एका वेडापायी घडलं. सर बेळगावचे. बुटके, तापट, आणि आकड्यांवर जीव टाकणारे. राउंडला आले की आधी तक्ता बघणार, मग यंत्र बघणार आणि सगळ्यात शेवटी, आठवलंच तर, पेशंट. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं आलेख काढायची त्यांना सवय होती. त्यांच्या खोलीत बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या तापाचे डोंगर टांगलेले असत. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

त्या दिवसांत सरांना एका खुणेनं झपाटलं होतं. जंतुदोष रक्तात भिनला की शरीर आधी चवताळून उठतं, इतकं की स्वतःच्याच फुप्फुसांची चाळण करून टाकतं. पण काही जणांत त्यानंतर उलटंच होतं. चवताळलेलं शरीर गप्प पडतं, लढायचं सोडून देतं, आणि मग साधासा जंतूही माणसाला घेऊन जातो. हे बाहेरून दिसत नाही. ते रक्तात दिसतं. काही पांढऱ्या पेशी आपल्या अंगावर एक खूण मिरवत असतात. शत्रू सापडला की बाकीच्या पेशींना दाखवायची ती खूण. ती भरपूर असली म्हणजे शरीर जागं आहे, ती मिटत चालली म्हणजे शरीरानं हात टेकले. सरांचं म्हणणं, फुप्फुसं निकामी झालेल्या अशा पेशंटांमध्ये कोण वाचणार नि कोण नाही, ते ही खूण आधीच सांगते. ते मोजणारं यंत्र खटपट करून त्यांनी कॉलेजच्या इमारतीत आणवलं होतं आणि एखाद्या नव्या सुनेसारखं त्याला जपत होते.

सिद्रामचं रक्त दोनदा मोजून झालं होतं. पहिल्यांदा खूण कमी, दुसऱ्यांदा त्याहून कमी.

“आणखी एकदा बघू,” सर मला म्हणाले होते. “वर आला आकडा, तर हा लढतोय. मी त्याच्या भावाच्या पाया पडून त्याला थांबवीन. खाली गेला, तर अडवायचं नाही. उगाच छळ कशाला करायचा त्या लेकराचा?”

हेच मी यल्लाप्पाला त्या दारात सांगितलं. माझ्या मराठीत, त्याला कळेल असं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे आकडा सांगंल तसं.”

“हो.”

“बरं झालं. माज्या डोक्यावर न्हाई मग.” आणि तो बाकावर आईच्या शेजारी बसला, ते दोन्ही हातांत डोकं धरूनच. “रक्त न्यायचं मलाच न्हवं?”

आमच्याकडे रक्ताच्या नळ्या नातेवाईकच न्यायचे. इस्पितळ धर्मादाय, माणसं कमी, कामं ढीगभर. प्रयोगशाळेत निरोप घेऊन जाण्यापासून खाट ढकलण्यापर्यंत सगळं घरच्यांच्या माथी. हे रक्त मात्र साध्या पिशवीतून चालायचं नाही. चहाच्या थर्मासमध्ये बर्फाचा चुरा, त्यात नळी खोचायची, मैदान ओलांडून कॉलेजच्या इमारतीत द्यायची.

“उद्या दुपारी न्यायचं,” मी त्याला बजावलं. “वाटेत रेंगाळायचं नाही, नळी बाहेर काढायची नाही. ऊब लागली की त्या पेशी उगाचच खूण वर काढतात. आकडा खोटाच फुगतो. समजलं ना?”

“दोनदा नेलं की म्या. ठावं हाय.”

लगमव्वा मिसरीचं बोट दातांवर फिरवत समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या कानांवर काही पडत असेल असं मला वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त काढून मी बाहेर आले तर यल्लाप्पा जागेवर नव्हता. तो जीप ठरवायला गेला होता. माणूस आशा करतो आणि तयारीही करतो, त्यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी थर्मास घेऊन इकडेतिकडे बघतेय तोच लगमव्वा उठली, पदर खोचला आणि हात पुढे केला.

“द्या हिकडं बाई.”

“आजी, बर्फातच राहू दे हं.”

“व्हय बाई.”

थर्मास पोटाशी धरून ती मैदानातून निघाली. उन्हात तिची आकृती लहान लहान होत गेली, आणि मी आत पळाले, कारण दुसऱ्या एका खाटेचं यंत्र कोकलायला लागलं होतं.

संध्याकाळी सर स्वतः कागद घेऊन जिन्यावरून धावत आले. सर आणि धावत! नर्सेस बघतच राहिल्या.

“वर आला! ऋजुता, वर आला! नुसता वर नाही, चांगला दणदणीत वर. हा मुलगा लढायलाय!”

यल्लाप्पा नुकताच जीपवाल्याला घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं तेव्हा तो उभ्याचा खाली फरशीवर बसला. जीपवाला विचारू लागला, मालक, कवा निघायचं. त्यानं हातानंच त्याला जा म्हणून खुणावलं, आणि मग कोटाच्या बाहीत तोंड खुपसून तो एवढा धिप्पाड माणूस हमसून हमसून रडला. लगमव्वा त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मीही रडले, हे मोकळेपणानं सांगते. एवढ्या वर्षांत आकडा ऐकून रडल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

मग दिवस सुरू झाले ते वाट बघण्याचे. आज ते दिवस आठवले की जीव हलका होतो, तेव्हा मात्र रोज टांगणीला लागलेला असायचा. आकडा वर आला म्हणून सर इरेला पेटले होते. सिद्रामला पालथं घालणं, पुन्हा उताणं करणं, छातीतलं पाणी हटवणं, औषधं बदलणं. राउंडला आल्यावर आता ते आधी सिद्रामकडे यायचे आणि त्याच्या कानाशी ओरडायचे, “काय बँडवाले! वाजवणार ना माझ्या नातवाच्या मुंजीत?” नातू तेव्हा रांगत होता. बाहेर लगमव्वा मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घालायची. “खावा बाई, तुमची हाडं दिसाया लागली.” तिच्या हातची ती चटणी इतकी तिखट असे की नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, आणि तरी दुपार झाली की माझे पाय बाकाकडे वळायचे.

सिद्रामला लागणारा प्राणवायू आधी किंचित कमी झाला. मग आणखी किंचित. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

आणि अशातच एके दुपारी कॅन्टीनमध्ये मला नसीम मॅडम भेटल्या. सरांचं ते लाडकं यंत्र चालवायच्या त्या.

“तुमच्या त्या आजी कशा आहेत हो?” त्यांनी चहा फुंकत विचारलं. “बिचाऱ्या! त्या दिवशी मी जेवून आले तर दाराशी उकिडव्या बसलेल्या. थर्मास बाजूला, आणि पदराखाली मूठ घट्ट मिटलेली. मला बघून लगबगीनं थर्मासचं झाकण लावायला लागल्या. मला वाटलं जपमाळ असेल. आता आठवतंय, नळी हातात घेतली तेव्हा ती गार लागली नव्हती.”

माझा चहा तसाच राहिला.

मी सरळ बाकापाशी गेले. “आजी, त्या दिवशी नळी बर्फातून काढली होती का तुम्ही?”

लगमव्वानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चुकलं काय बाई? पोराचं रक्त त्ये. बर्फात कसं ठिवू? गारठंल की. म्हनून हातात धरून बसले व्हते जरा.”

मला तिच्यावर रागवायचं होतं. पण मी तिचे ते खरबरीत हात हातात घेऊन तिथंच बसले. मुलाला पांघरूण घालता येत नाही म्हणून त्याच्या रक्ताला ऊब देणारी बाई मी आधी कधी पाहिली नव्हती. मग उठून सरांच्या खोलीत गेले, कारण सांगणं भाग होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते भिंतीकडे वळले. भिंतीवर सिद्रामचा आलेख टांगलेला होता. तिसऱ्या ठिपक्याला सरांनी कौतुकानं लाल पेन्सिलीनं गोल केला होता.

“आत्ता रक्त काढ,” ते म्हणाले. “आणि तू स्वतः घेऊन जा.”

मी नेलं. बर्फात, पळत. आकडा आला तो दुसऱ्या वेळेपेक्षाही खाली होता. सरांनी लाल गोलावर काट मारली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

“म्हणजे त्या दिवशीही खालीच असणार,” मी म्हटलं.

“असणारच.” ते उठले. “चल. त्याच्या भावाला सांगायला पाहिजे.”

“सर, नका ना सांगू. प्राणवायू कमी लागतोय त्याला. आणि आकडा सांगितला तर हा नेईल त्याला. नक्की नेईल.”

“नेऊ दे.”

“सर!”

“काय म्हणायलीस तू, कळतंय का तुला? खोट्या आकड्यावर थांबवलाय मी त्या माणसाला. भाऊ त्याचा आहे, माझा नाही.” आवाज चढला होता त्यांचा. “मीच म्हणालो ना आकडा सांगेल तसं? आता आकडा सांगायलाय, तर तोंड लपवू?”

सर नातेवाईकांशी बोलायला आपण होऊन सहसा जात नसत. त्या दिवशी गेले. बाकावर यल्लाप्पाच्या शेजारी बसले, आणि खोकत खोकत पण सगळं मराठीत सांगितलं. नळीला ऊब लागली होती, तो आकडा खोटा होता, खरा आकडा वाईट आहे, आधीपेक्षाही वाईट. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. लगमव्वानं बाकाची कड घट्ट धरली होती. ती सरांकडे बघत नव्हती आणि दाराकडेही नाही. तिची नजर थोरल्यावर खिळली होती.

“म्हंजे त्या दिवशी,” यल्लाप्पा सावकाश म्हणाला, “खरा आकडा आला असता, तर…”

“तर मी तुम्हाला अडवलं नसतं.”

“जीप दारात व्हती.”

“हो.”

“माज्या हातानं नेला असता म्या त्येला.”

यल्लाप्पाचं तोंड राखेसारखं झालं होतं. “मग आता?” त्यानं विचारलं. “आता आकडा काय म्हनतुया? न्या म्हनतुया न्हवं?”

नाडगौडा सरांना मी पुढं वीसेक वर्षं ओळखत होते. भलेभले पेचप्रसंग त्यांनी चुटकीसरशी सोडवलेले पाहिले. पण त्या क्षणी ते जे म्हणाले, त्याइतकं अवघड त्यांना दुसरं काही गेलं असेल असं वाटत नाही.

“आकडा न्या म्हणतो. पण पोरगा आठवडाभर त्याच्याविरुद्ध चाललाय. फुप्फुसं उघडायला लागलीत, लघवी सुधारली, ताप उतरलाय. माझा आकडा शंभरातल्या बहुतेकांचं बरोबर सांगतो. ह्याचं चुकवतोय असं दिसतंय. मला नाही कळत का. तुम्ही एकदा आत जाऊन बघा त्याला, आणि तुम्हीच ठरवा.”

यल्लाप्पा आत गेला. मी पाठोपाठ गेले. झोपेचं औषध आम्ही त्या सकाळीच कमी केलं होतं. तो खाटेजवळ वाकला आणि त्याच्या त्या बँडमास्तरी आवाजात म्हणाला, “सिद्र्या!” अख्खा वॉर्ड दचकला. सिद्रामच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. त्यानं भावाकडे बघितलं, नीट बघितलं, आणि कपाळाला अशी काही आठी घातली, जणू म्हणत होता, झोपलेल्या माणसाला उठवायची ही काय रीत झाली!

“वळखतंय की बेणं!” यल्लाप्पा ओरडला, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

त्यानंतर कुणी न्यायची भाषा काढली नाही.

सिद्राम यंत्रावरून सुटला. पुष्कळ दिवस गेले त्यात, मध्ये दोनदा आमच्या तोंडचं पाणी पळालं, पण सुटला. क्लॅरिनेटला लागणारा दम काही परत आला नाही. पुढं तो ड्रमवर गेला. त्याच्या लग्नाला मी जतला गेले होते. नवरदेव वरातीत घोड्यावरून खाली उतरला, ड्रमवाल्याच्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि घामाघूम होईपर्यंत वाजवत राहिला. नवरी ओशाळून हसत होती. नाडगौडा सर माझ्या शेजारी उभे राहून हातानं ताल धरत होते, तोही चुकीचा.

सरांनी तो खोटा आकडा आपल्या अभ्यासातून काढून टाकला आणि सिद्रामला मात्र ठेवलं. आलेखात सगळ्यांपासून लांब, एकटाच पडलेला ठिपका. लोक विचारायचे, हा कोण? मग सर ती गोष्ट सांगायचे. दरवर्षी, नव्या मुलांसमोर. एका अडाणी आईला आपल्या लेकाचं रक्तसुद्धा बर्फात ठेववलं नाही, गारठेल म्हणून ती ते मुठीत धरून बसली, आणि तिच्या त्या भाबड्या चुकीनं एक जीव वाचला. इथं आल्यावर सरांचा आवाज हमखास दाटायचा. चष्मा पुसायला ते पाठमोरे व्हायचे. अख्खा वर्ग हळवा व्हायचा. मी पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या चपला बघत राहायची. सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. जाईपर्यंत ते ही गोष्ट अशीच सांगत राहिले, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या आनंदात माती कालवायचा मला काय अधिकार होता?

कारण सिद्रामला घरी सोडलं त्या सकाळचं फक्त मला ठाऊक होतं.

जीप आली होती, तीच जीप. सिद्रामला मागच्या बाजूला गादी घालून बसवत होते. यल्लाप्पा सगळ्यांच्या अंगावर खेकसत होता, म्हणजे खूष होता. लगमव्वानं मला चिंचेच्या झाडाखाली बाजूला घेतलं. चटणीची पुडी माझ्या हातात कोंबली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, “बाई, एक सांगू? रागावू नगा.”

“नाही रागवत. सांगा.”

“रक्त गारठतंय म्हनून न्हवती धरली म्या नळी.”

मला कळेना. “मग?”

“तुमीच थोरल्याला सांगत व्हता की. ऊब लागली की आकडा वर जातो म्हनून. म्या बसले व्हते की तितंच.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. हीच ती “व्हय बाबा, न्हाई बाबा” करणारी म्हातारी! माझ्या अंगावर काटा आला, मग हसू आलं, मग संताप आला.

“आजी! मुद्दाम? आणि मी विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आणून…”

“पानी खरं व्हतं, बाई. भ्यालते म्या लई.”

“अहो, पण काय हे! धाकटा वाचावा म्हणून तुम्ही डॉक्टरांना फसवलंत? आणि तो नसता वाचला तर? किती हाल झाले असते त्याचे उगाच.”

“धाकट्यासाटी न्हाई केलं म्या.”

तिनं जीपकडे बघितलं. यल्लाप्पा उशा रचत होता, पुन्हा काढून पुन्हा रचत होता.

“ह्येंच्या बापाला असंच नेलं व्हतं थोरल्यानं. दुसऱ्या गावच्या दवाखान्यातनं. डाक्टर म्हनला, न्या. ह्येनं नेला. फुगा ह्योच दाबत व्हता. नागजच्या म्होरं गाडी गेली आन् बाप गेला. घर दिसलं न्हाई त्येला. तवापास्नं थोरला झोपंत हात असं असं करतोय, बाई.” तिनं रिकामी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “किती वर्सं झाली. आजून करतोय. धाकट्याचं काय, त्यो जगला असता न्हाईतर गेला असता, त्ये देवाचं. पन थोरल्यानं त्येला बी तसाच नेला असता, तर ह्यो कुटला जगत व्हता? दोन ल्योक हायेत मला. जित्या पोराला वाचवाया म्या आकडा वर नेला.”

तिचा डोक्यावरचा पदर नीट करायचं निमित्त करून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात यल्लाप्पा आला. लाल कोट घालून, बटणं लावून, जणू काही वरातच निघाली होती.

“चल अव्वा, ऊन हुतंय.” मग माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाला, “म्याडम, आमच्या आयनं लई तरास दिला तुमाला. नळीचं तसं करून ठिवलं. काय करनार, भोळी हाय वो ती. तिला काय कळत न्हाई.”

“व्हय बाबा,” लगमव्वा म्हणाली.

सिद्रामनं मागून हाक मारली. अजून आवाज बसलेलाच होता त्याचा. आपल्या शेजारची जागा थोपटत तो म्हणाला, “अव्वा, हितं ये, माज्याजवळ.”

ती गेली, त्याच्या केसांवरून हात फिरवला, पांघरूण सारखं केलं. मग जीपला वळसा घालून पुढं आली आणि यल्लाप्पाच्या शेजारी बसली. गाडी फाटकातून बाहेर पडताना मी बघत होते. तिनं त्याचा मांडीवरचा हात उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.